हातात फोन आहे, पण फाईल कुठे गेली?

कॉलेजचे फॉर्म सुरू झाले की इंदूरला भंवरकुआंकडच्या कियोस्कवर काय गर्दी होते! रांगेतल्या प्रत्येकाकडे स्मार्टफोन असतो, नेट असतं, रील्स चालूच असतात, आणि तरी फॉर्म भरायला पैसे देऊन दुसऱ्याकडेच यायचं. झाबुआ-बडवानीकडची मुलं असतात तशी आपल्या रामबाग, लोकमान्य नगरातली पण असतात, म्हणजे हा नुसता गाव-शहराचा मामला नाहीये.

अडतं कुठे, तर "फाईल २०० केबीच्या आत हवी" इथे. मार्कशीटचा फोटो ३-४ एमबीचा, साइट घेतच नाही. आता हिशोब बघा, १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके, एकेका ठिपक्याला लाल-हिरवा-निळा मिळून ३ बाइट, म्हणजे कच्चा माल झाला ३६ एमबी, फोन त्याला जेपेगमध्ये दाबतो तेव्हा कुठे तो ३-४ वर येतो. तेच पान टाईप केलेलं असेल तर? यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट खातं, पानावर २००० चिन्हं धरली तरी मजकूर फक्त ६ केबी, फोटोच्या पाचशेपट कमी! पीडीएफ केली की फॉन्टबिंट धरून थोडी वाढते, पण फोटो चिकटवून केलेल्या पीडीएफच्या आसपासही जात नाही. वरून मात्र दोन्ही सारख्याच दिसतात.

मुलांना हे कळत नाही यात त्यांचा दोष कमीच. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅपला आपापली बंद खोली असते, दुसऱ्याच्या खोलीत परवानगीशिवाय जाता येत नाही. सुरक्षेसाठी ते ठीकच आहे, पण फोल्डर हा प्रकार डोळ्यांसमोरून जवळजवळ गायबच झाला. ज्याच्या घरी कम्प्युटर आहे तो हे सगळं येता-जाता शिकतो. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात कम्प्युटर असलेली घरं शहरात सुमारे २३ टक्के होती आणि गावात जेमतेम ४, आणि १५ ते २९ वयाच्या लोकांपैकी कम्प्युटर चालवता येणारे शहरात ५६ टक्के, गावात २४.

२००१ मध्ये मार्क प्रेन्स्की या अमेरिकन लेखकाने 'डिजिटल नेटिव्ह' म्हणून एक कल्पना मांडली, की नवी पिढी जन्मजात हुशार. लोकांना ती फार आवडली, मला कधीच पटली नाही. पुढच्याच वर्षी एस्टर हारगिटाई या संशोधिकेचा अभ्यास छापून आला, तिने लोकांना नेटवर माहिती शोधायला बसवून पाहिलं, तर नेट वापरणारे असूनही कुणाला पटकन सापडतं तर कुणाला सापडतच नाही. या दुसऱ्या पातळीच्या दरीबद्दल (पहिली साधन आहे-नाहीची, दुसरी ते वापरता येण्या-न येण्याची) तिने बरंच लिहिलंय, त्यात एक मुद्दा असा की मोकळेपणाने, कुणी मागे उभं नसताना वापरायला मिळतं का यावर खूप काही ठरतं. कियोस्कवर खटपट कोण करून बघणार, मागचा लगेच "भैया, जल्दी करो" म्हणतो!

आपल्या मध्य प्रदेशात बारावीला चांगले मार्क पडले की सरकार लॅपटॉपसाठी २५ हजार देतं, छानच आहे, पण ज्याला सगळ्यात जास्त गरज तो बरेचदा त्या मार्कांपर्यंत पोचतच नाही. त्यापेक्षा कॉलेजची लॅब संध्याकाळी दोन तास उघडी ठेवा, प्रॅक्टिकल नको, हजेरी नको, नुसतं बसू द्या मुलांना. आणि तोवर फोनवर गूगल डॉक्समध्ये टाईप करून तिथूनच पीडीएफ करता येते, एवढं तरी पहिल्या आठवड्यात कुणीतरी दाखवायला काय हरकत आहे?