सुलेखनी फॉन्ट (स्क्रिप्ट टाइपफेस)

टाक, बोरू, ब्रश नाहीतर साध्या पेनाने हाताने लिहिल्यासारखी दिसणारी अक्षरं ज्या फॉन्टमध्ये असतात त्याला सुलेखनी किंवा स्क्रिप्ट फॉन्ट म्हणतात. लग्नपत्रिका, सर्टिफिकेट, अत्तराची बाटली, केकच्या दुकानाची पाटी, असल्या ठिकाणी तो हमखास दिसतो. आख्खा मजकूर मात्र यात लावू नये, दोन ओळींनंतर डोळे दुखतात. आणि इंग्रजी स्क्रिप्टमध्ये सगळी कॅपिटल टाकली की काय लिहिलंय तेच कळत नाही, कारण ती कॅपिटलं शब्दाच्या सुरुवातीला मिरवायला काढलेली असतात, एकमेकांना खेटून बसायला नाही.

खरी गंमत जोडणीची आहे. हात सलग लिहितो पण जुन्या छपाईतला शिशाचा खिळा (एकेका अक्षराचा ठसा) चौकोनी, त्यामुळे एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षराला बरोब्बर टेकवायची म्हणजे डोकेदुखीच. फ्रान्सच्या रॉजर एक्सकोफोनने १९५३ साली मिस्ट्राल या फॉन्टमध्ये हे खिळ्यांतच जमवून दाखवलं, तेही स्वतःच्या हस्ताक्षरावरून. पुढे फोटोटाइपसेटिंग, म्हणजे खिळ्यांऐवजी फोटोच्या तंत्राने अक्षरं जुळवणं आलं, खिळ्याची चौकट गेली आणि १९६०च्या दशकात मॅथ्यू कार्टरने जुने इंग्रज लेखनशिक्षक चार्ल्स स्नेल यांच्या वळणावरून स्नेल राउंडहँड हा फॉन्ट केला, त्यातली अक्षरं सफाईने जोडली जातात. हर्मन झाफचा झापफिनो (१९९८) तर त्याने १९४४ मध्ये वहीत काढलेल्या अक्षरांवरून आलाय. त्यात एकाच अक्षराची बरीच रूपं आहेत, शेजारी कोण आहे बघून फॉन्ट रूप बदलतो, म्हणून ते छापील वाटत नाही.

देवनागरीत अक्षरं जोडायला शिरोरेषा आधीच हजर असते, त्यामुळे आपल्याकडे सगळा खेळ बोरूच्या छाटणीवर, जाड-बारीक रेषेवर आणि वेलांट्या-मात्रा किती लांबवायच्या यावर. पत्रिकेवरच्या ‘श्री’ची वेलांटी पार कोपऱ्यापर्यंत नेलेली आपण सगळ्यांनीच पाहिलीय. पण फॉन्ट म्हणजे सुलेखन नव्हे, सुलेखनकार कमल शेडगे जाहिरातीसाठी नाटकाचं नाव हाताने काढायचे तेव्हा ते त्या एका नाटकापुरतं असायचं, फॉन्टमधला ‘क’ मात्र सगळ्या पत्रिकांवर तोच.

डिझाइन करताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे इंग्रजीसारखं अक्षरांमधलं अंतर वाढवणं. असं केलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात, आणि सॉफ्टवेअरमधली सेटिंग चुकलेली असेल तर जोडाक्षरंही फुटतात, मग ‘लग्न’चं ‘लग् न’ होतं 😅 त्यापेक्षा फॉन्ट मोठा करावा आणि आजूबाजूला मोकळी जागा सोडावी.

देवनागरीने इंग्रजीचं बघून करण्याऐवजी इंग्रजीने देवनागरीचं बघावं, असा उलटा प्रवासही झालाय बरं का. मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला ‘यात्रा वन’ हा फॉन्ट अगदी सुलेखनी नाही, पण त्यातली इंग्रजी अक्षरं देवनागरीच्या तिरक्या कलमाच्या वळणावर बेतली आहेत.