वीज पडलेल्या माणसाला हात लावा

खानदेशात आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागतात. मेच्या शेवटाला ते आभाळ येतं, पण आधी पाऊस घेऊन येत नाही. दिवसभर ४४-४५ अंशांत रान भाजून निघतं, दुपारी तीननंतर सातपुड्याच्या अंगाने काळोखी चढते, वावधन सुटतं आणि पहिला थेंब पडायच्या आत कडाडायला लागतं. त्या वेळी घराबाहेर असतात ते सालदार, ठिबकच्या नळ्या अंथरणारे मजूर, गुरांमागची पोरं आणि मेंढरं घेऊन फिरणारे ठेलारी. परतीच्या पावसात पुन्हा तीच गत, फक्त तेव्हा रानात कापूस वेचणाऱ्या बाया असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात वीज पडून २,८८७ माणसं गेली. बातमी ठरलेली असते: झाडाखाली आसऱ्याला उभे होते, वीज पडली, जागीच मृत्यू.

या ‘जागीच’बद्दल मला बोलायचं आहे. वीज पडलेल्या दहांपैकी साधारण नऊ जण जगतात, हे बहुतेकांना खरं वाटत नाही. आणि जो दहावा जातो, त्यातही कधी कधी हाताशी काही मिनिटं असतात.

आधी आकडे बघू. विजेच्या एका लोळातून सरासरी ३०,००० अँपियर प्रवाह वाहतो आणि तिच्या वाटेतली हवा सुमारे ३०,००० अंश सेल्सियसपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. एवढं असताना माणसाचा कोळसा का होत नाही? कारण वेळ. मुख्य प्रवाह सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात संपतो. तेवढ्यात बराचसा प्रवाह कातडीवरून, घामावरून, भिजलेल्या कपड्यांवरून सरकून जमिनीत जातो. आत शिरतो तो थोडा. म्हणून घरातल्या किंवा डीपीवरच्या शॉकमध्ये हात जळून काळा पडतो, स्नायू आतून शिजतात, तसं विजेने क्वचितच होतं. मात्र कातडीवरच्या पाण्याची क्षणात वाफ होते. ती वाफ कपडे फाडते, चप्पल उडवते. काखेत, जांघेत, जिथे घाम साचतो तिथे वाफेने पोळलेले लांब पट्टे उठतात. गळ्यातली पोत, पैंजण किंवा कमरेचा करदोटा तापून खाली चटका बसतो. या धातूंनी वीज ओढली असं लोक म्हणतात, पण ते खरं नाही. वीज उंच, एकट्या, टोकदार गोष्टीकडे जाते. मणी-डोरलं घातलंय की नाही याने तिला फरक पडत नाही. खिशातल्या मोबाइलवरही हा आळ उगाच येतो.

वीज सरळ डोक्यावर पडण्याचे प्रसंग तसे फार थोडे, तज्ज्ञांच्या अंदाजाने शंभरात तीन ते पाच. बाकीची इजा आडवाटेने होते. बांधावरच्या निंबावर वीज पडली की ती खोडाच्या ओल्या थरातून खाली धावते. तिथलं पाणी उकळून सालीची लांब चिरफळी निघते. असं झाड पुष्कळांनी पाहिलं असेल. पण लाकडापेक्षा माणूस बरा वाहक, अंगात खारं पाणी भरलेलं. त्यामुळे खोडाला टेकलेल्या किंवा जवळ उभ्या माणसावर ती झाडावरून उडी घेते. सुमारे एक तृतीयांश इजा अशा उडीने होतात.

सर्वांत मोठा वाटा जमिनीचा, एकूण इजांच्या जवळपास निम्मा. झाडाच्या बुंध्यातून प्रवाह मातीत चहूकडे पसरतो आणि जसं दूर जावं तसा विजेचा दाब (व्होल्टेज) उतरत जातो. तुमचा एक पाय झाडाच्या जवळ आणि दुसरा लांब असेल, तर दोन पायांखालचा दाब वेगळा, आणि तो फरक तुमच्या अंगातून प्रवाह ढकलतो. एक साधं गणित करून पाहू. प्रवाह ३०,००० अँपियर आणि जमिनीचा विशिष्ट रोध (माती प्रवाहाला किती अडवते ते) १०० ओहम-मीटर धरला, तर झाडापासून १० मीटरवर अर्धा मीटर पाय फाकून उभ्या माणसाच्या दोन पायांत सुमारे २,३०० व्होल्टचा फरक येतो. तिथेच बैल असेल आणि त्याच्या पुढच्या-मागच्या पायांत दीड मीटर अंतर असेल, तर हाच आकडा ६,२०० व्होल्टच्या वर जातो. ओल्या काळ्या जमिनीत आणि कोरड्या मुरमाडात आकडे बदलतील, पण प्रमाण तेच राहील. शिवाय माणसात हा प्रवाह एका पायातून दुसऱ्यात जातो, हृदय वर राहून जातं. बैलात तो पुढून मागे जाताना छातीतूनच जातो. बैलजोडी जागेवर गेली आणि कासरा धरणारा मात्र वाचला, असं घडतं ते यामुळे. त्यात कोणाच्या पुण्याईचा हिशेब नाही. नॉर्वेत हार्दांगरविद्दाच्या पठारावर ऑगस्ट २०१६ मध्ये ३२३ रेनडिअर (थंड प्रदेशातली हरणं) एकाच वादळात मेले, तेही असेच जमिनीतल्या प्रवाहाने; सगळे एकमेकांना चिकटून उभे होते.

उघड्यावर अडकलात आणि पक्कं घर किंवा बंद टपाची गाडी जवळ नसेल तर दोन्ही पाय जुळवून बसायला सांगतात, ते या गणितामुळे. तो नाइलाजाचा उपाय आहे. टपरी, पत्र्याची पडवी, टप नसलेला ट्रॅक्टर यांचा काही उपयोग नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे काम टाकून निघायलाच हवं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपास पडणाऱ्या विजा दाखवतं. फोनमध्ये असू द्यावं.

आता मृत्यूचं. वीज शरीरातून गेली की हृदयाच्या सगळ्या पेशी एकदम झटका खातात आणि ते थांबतं. विहिरीवरच्या मोटारीला ऑटो बसवलेला असतो, लाइट आली की ती कोणी न जाता सुरू होते. हृदयाचंही तसंच आहे. त्याची ठिणगी त्याच्यातच तयार होते, त्यामुळे ते बऱ्याचदा आपलं आपण पुन्हा धडधडू लागतं. श्वासाला असा ऑटो नाही. श्वास चालवणारं केंद्र मेंदूच्या तळाशी, आणि ते विजेने बधिर झालं की शुद्धीवर यायला जास्त वेळ घेतं. म्हणजे हृदय चालू, श्वास बंद. रक्तातला प्राणवायू संपत जातो आणि काही मिनिटांत हृदय दुसऱ्यांदा थांबतं. हे दुसरं थांबणं बहुधा कायमचं असतं.

या मधल्या मिनिटांत कोणी श्वास दिला तर माणूस परत येऊ शकतो. म्हणून विजेच्या अपघातात डॉक्टरांचा नेहमीचा नियम उलटा होतो: कण्हणाऱ्यांना थांबू द्यायचं आणि मेल्यासारख्या पडलेल्याकडे आधी जायचं. कण्हणारा श्वास घेतो आहे, तो बहुतेक जगणारच. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, उजेडाला हलत नाहीत, यावरूनही मेला म्हणू नये. विजेने बाहुल्यांच्या नसाही तात्पुरत्या बंद पडतात.

प्रत्यक्षात काय होतं? माणसं चार हात लांब गोल करून उभी राहतात. ‘करंट शे आंगमा’, असं कोणीतरी म्हणतं आणि पुढे झालेला हात मागे जातो. वीज अंगात साठून राहत नाही. ती पडली त्याच क्षणी जमिनीत गेली. तुटलेली तार जवळ लोंबत असेल तर गोष्ट वेगळी, एरवी बिनधास्त हात लावावा. १०८ ला फोन लावायला एकाला सांगून दुसऱ्याने छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच सेंटिमीटर खोल दाब द्यावेत. येत असेल तर ३० दाबांनंतर दोन श्वास तोंडाने द्यावेत, कारण इथे श्वासाचं मोल जास्त आहे. छत्तीसगडकडे अशा माणसाला शेणात गाडून ठेवल्याच्या बातम्या येतात. नेमकी कामाची मिनिटं त्या खड्ड्यात जातात. आपल्याकडे पायाळू माणसावर वीज पडते असं मानतात आणि कडाडायला लागलं की त्या एका पोराला घरात कोंबतात. बाकीची भावंडं अंगणात गारा वेचत असतात.

वाचलेल्यांच्या अंगावर कधी कधी फांद्या फुटत गेलेली लालसर नक्षी दिसते. जर्मन शास्त्रज्ञ लिश्टेनबर्ग याने १७७७ साली विजेचा भार दिलेल्या पृष्ठभागावर धूळ टाकून अशाच आकृत्या उमटवल्या, त्याचंच नाव तिला आहे. ती भाजल्याची खूण नाही. बहुधा दिवसभरात निघून जाते. अनेकांचे पाय लुळे, निळे, थंडगार पडतात, पायाची नाडी लागत नाही. घरचे घाबरतात, पण रक्तवाहिन्या आकसल्याचा हा परिणाम काही तासांत बहुतेकदा ओसरतो. कानाचे पडदे मात्र निम्म्याहून अधिक जणांचे फाटतात.

खरा त्रास पुढे सुरू होतो. चार महिन्यांनी माणूस शेतात जाऊ लागतो, जखम तर दिसत नाही, पण सांगितलेलं विसरतो, झोप लागत नाही, चिडतो, हातापायांत आगआग होते. मेंदूचे फोटो स्वच्छ येतात, म्हणून घरच्यांना ढोंग वाटतं किंवा बाहेरचं काही लागलं असं. नसांच्या आणि मेंदूच्या कामात झालेला बिघाड फोटोत दिसतोच असं नाही. मोतीबिंदूही काही दिवसांनी येतो किंवा काही वर्षांनी. डोळे धूसर झाले की तपासताना वीज पडल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगावं, तरुण वयात मोतीबिंदू कुठून आला हे शोधत बसायची वेळ त्यांच्यावर येत नाही.