रॅम मोकळी आहे, तरी कर्नल नाही का म्हणतो?

महाप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मशीनचा डेटा गोळा करणारा छोटासा लिनक्स बॉक्स बसवलाय, रॅम २५६ एमबी, आणि त्याच्या लॉगमध्ये मधूनच एक ओळ उमटायची: पेज अलोकेशन फेल्युअर, ऑर्डर ४, मोड जीएफपी अ‍ॅटॉमिक. ही ओळ म्हणजे कोणीतरी मेमरी मागितली आणि मिळाली नाही. ती आली की त्याखाली कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, स्वतःच सगळा हिशोब छापतो, किती मेमरी वापरात, किती मोकळी वगैरे, आणि त्यात चांगली ४० एमबीच्या आसपास मोकळी दिसत होती. मागणी फक्त ६४ केबीची होती. मग कर्नल नाही का म्हणाला? हा प्रश्न मला फार आवडतो कारण याचं उत्तर नीट शोधायला गेलं की ऑपरेटिंग सिस्टिमचं आतलं निम्मं घर बघून होतं.

आपल्या साध्या प्रोग्रॅममध्ये मेमरी मागताना एकच गोष्ट सांगायची असते, किती हवी. कर्नलच्या आत मात्र दोन गोष्टी सांगाव्या लागतात, किती हवी आणि ती मिळेपर्यंत तू थांबू शकतोस का. माझ्या मते दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, आणि पुस्तकांमध्ये मेमरीचा धडा वेगळा आणि इंटरप्टचा धडा वेगळा असल्यामुळे नेमकी तीच निसटते.

आधी इंटरप्ट काय ते बघू. तुम्ही की दाबली, नेटवर्क कार्डवर पॅकेट आलं, टायमरची वेळ झाली, डिस्कने सांगितलं की लिहून झालं, अशी कुठलीही घटना घडली की प्रोसेसर हातातलं काम तिथल्या तिथे सोडतो, आपण कुठे होतो ते स्टॅकवर नोंदवून ठेवतो, एका टेबलमध्ये बघतो की या नंबरच्या घटनेसाठी कुठला कोड चालवायचा (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरमध्ये या टेबलात २५६ जागा असतात) आणि तो कोड, म्हणजे हँडलर, चालवायला लागतो. हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर कुठल्याही लिनक्स मशीनवर प्रॉक नावाच्या फोल्डरमधली इंटरप्ट्स ही फाइल उघडा, प्रत्येक कोरचा, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या एकेका स्वतंत्र प्रोसेसरचा, एक कॉलम आणि प्रत्येक घटनेची एक ओळ, आणि परत परत उघडून बघितलं तर टायमरचे आकडे तुमच्यासमोर पळताना दिसतात, पिंग चालू केला की नेटवर्क कार्डची ओळ हलायला लागते.

आता या हँडलरची एक अडचण आहे. त्याची स्वतःची अशी प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम म्हणून वेगळी नोंद, नसते. त्या क्षणी कोरवर जे कोणी चालू होतं, समजा तुमचा ब्राउझर, त्याला मध्येच अडवून हा चालतोय. साधी प्रोसेस एखाद्या गोष्टीसाठी थांबते तेव्हा शेड्युलर, म्हणजे कोणी कधी चालायचं ते ठरवणारा कर्नलचा भाग, तिला झोपवतो, दुसरी उठवतो, आणि वेळ आली की पहिलीला परत आणतो. हँडलरला असं झोपवताच येत नाही कारण परत आणायला त्याची वेगळी नोंदच कुठे नाही, आणि ज्याला अडवलंय त्याच्या हातात एखादं लॉक, म्हणजे एका वेळी एकानेच वापरायच्या गोष्टीची किल्ली, असेल तर तोही अडकून पडणार. म्हणून नियम एकदम कडक आहे: इंटरप्ट हँडलरमध्ये थांबायचं नाही, कशासाठीही नाही, मेमरीसाठी तर नाहीच.

मेमरीकडे येऊ. कर्नल रॅमचे एकसारखे तुकडे करून हिशोब ठेवतो, त्याला पेज म्हणतात, बहुतेक कॉम्प्युटरवर एक पेज ४०९६ बाइटचं. ८ जीबी रॅम म्हणजे २०,९७,१५२ पेजेस झाली. यातली कुठली मोकळी आणि कुठली दिलेली हे फटाफट कळायला हवं, आणि सलग पेजेस मागितली तर तीही देता यायला हवीत. यासाठी लिनक्स जी पद्धत वापरतो तिला बडी सिस्टिम म्हणतात. केनेथ नॉल्टन यांनी ती १९६५ मध्ये छापली, आणि १९६३ मध्ये हॅरी मार्कोविट्झ यांनीही ती वापरली होती, तेच मार्कोविट्झ ज्यांना पुढे १९९० मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

पद्धत अशी की मोकळी मेमरी १, २, ४, ८ अशा दुपटीच्या आकारात, ढिगाऱ्याने नाही तर वेगवेगळ्या याद्यांमध्ये ठेवायची. लिनक्समध्ये ऑर्डर ० म्हणजे एक पेज, ऑर्डर ४ म्हणजे १६ पेजेस म्हणजे आपले ते ६४ केबी, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये ऑर्डर १० पर्यंत म्हणजे ४ एमबीपर्यंत. ८ पेजेस हवीत आणि ८ चा तुकडा शिल्लक नाही, तर १६ चा घ्यायचा, मधोमध तोडायचा, एक अर्धा द्यायचा आणि दुसरा ८ च्या यादीत टाकायचा. हे दोन अर्धे एकमेकांचे बडी. परत आला की बघायचं, बडी मोकळा आहे का, असेल तर दोघांना जोडून परत १६ चा करायचा, मग त्याचा बडी बघायचा, असं वर वर.

यातलं मला सगळ्यात सुंदर वाटतं ते म्हणजे बडी शोधायला काहीही शोधावं लागत नाही. समजा ८ पेजेसचा तुकडा २४ नंबरच्या पेजपासून सुरू होतो. बायनरीत २४ म्हणजे ११०००. यातला ८ च्या जागेचा बिट उलटा केला की १००००, म्हणजे १६. झालं, १६ पासून सुरू होणारा तुकडा हा त्याचा बडी. १६ वरून तोच बिट उलटा केला की परत २४. दोघे जोडले की १६ पासून १६ पेजेसचा तुकडा, आता १६ च्या जागेचा बिट उलटा करा, ०, म्हणजे पुढचा बडी अगदी सुरुवातीला. एक एक्सऑर, म्हणजे ही बिट उलटा करायची क्रिया, एवढंच! पण याचीच दुसरी बाजू अशी की २४ चा तुकडा आणि ३२ चा तुकडा एकमेकांना अगदी चिकटून असले, दोन्ही मोकळे असले, तरी ते बडी नाहीत आणि त्यांना जोडता येत नाही.

ठाण्याहून सुटलेली पनवेल लोकल ऐरोली, रबाळे करत जाते तेव्हा डब्यात इथे एक, तिथे दोन अशा सीट मोकळ्या होत जातात, मोजल्या तर चांगल्या दहा-बारा भरतील, पण घणसोलीला चढलेल्या चार मैत्रिणींना समोरासमोर एकत्र बसायचं असेल तर तशी जागा एकही नसते. मेमरीचं हेच होतं, याला फ्रॅगमेंटेशन म्हणतात. प्रॉकमध्येच बडीइन्फो नावाची फाइल आहे, तिच्यात डावीकडून उजवीकडे ऑर्डर ० ते १० च्या मोकळ्या तुकड्यांचे आकडे असतात. मशीन नुकतं चालू केलेलं असेल तर उजवीकडचा आकडा भरघोस असतो, आणि महिनोनमहिने न थांबता चालणाऱ्या मशीनवर डावीकडे हजारो आणि उजवीकडे शून्य, शून्य, शून्य. महाप्याच्या बॉक्सवर अगदी हेच चित्र होतं, ऑर्डर ४ पासून पुढे सगळी शून्यं.

पण हे अर्धंच उत्तर. सलग जागा नसली तरी कर्नलला ती तयार करता येते, हलवण्यासारखी पेजेस उचलून एका बाजूला नेता येतात, याला कॉम्पॅक्शन म्हणतात आणि लिनक्समध्ये ते २०१० पासून आहे. एखाद्या फाइलची कॅशमधली पेजेस टाकून देता येतात, बदललेली पेजेस डिस्कवर लिहून मोकळी करता येतात. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणजे मागणाऱ्याला थांबावं लागतं. लॉगमधला तो जीएफपी अ‍ॅटॉमिक हा शब्द म्हणजे मागणाऱ्याने दिलेली ताकीद की मला थांबता येणार नाही, आत्ता असेल तर दे नाहीतर नाही म्हण. वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे वायफाय कार्ड चालवणारा कर्नलमधला कोड, इंटरप्टमध्ये होता, पॅकेट येऊन पडलं होतं, त्याला सलग ६४ केबी हवे होते, कर्नलने यादी बघितली आणि नाही म्हणाला. ज्याला थांबता येतं त्याने जीएफपी कर्नल असं सांगितलं असतं तर त्याच क्षणी त्याच मशीनवर बहुतेक वेळा मिळालेही असते.

मग हँडलरने थोडंसं थांबलं तर असं काय बिघडेल? समजा कर्नलने ठरवलं की मेमरी मोकळी करायला काही पेजेस डिस्कवर लिहूया. लिहून झालं हे डिस्क कसं कळवते? इंटरप्ट पाठवून. आता हँडलर जर मेमरीसाठी थांबला, मेमरी डिस्कसाठी थांबली, आणि डिस्कचा इंटरप्ट त्याच कोरवर हा हँडलर संपायची वाट बघत थांबला, तर तिघेही कायमचे थांबले. मशीन बंद चालू करण्याशिवाय इलाज नाही. यासाठी फक्त इंटरप्ट नाही, डिस्कवर लिहिणारा कोडसुद्धा जपून वागतो, तो मेमरी मागताना सांगतो की माझ्यासाठी मेमरी मोकळी करायची तर कर पण त्यासाठी परत डिस्कवर लिहायला जाऊ नकोस, कारण लिहिणारा मीच आहे. आणि जिथे नाही ऐकून चालणारच नाही अशा ठिकाणी थोडी मेमरी आधीच काढून बाजूला ठेवलेली असते, त्याला मेमपूल म्हणतात.

संपूर्ण सिस्टिमसाठीही असा राखीव साठा असतोच. मोकळी मेमरी एका पातळीखाली गेली की के-स्वॉप-डी नावाचा कर्नलचा थ्रेड, म्हणजे शेड्युलर झोपवू-उठवू शकतो असं वेगळं चालणारं काम, जागा होऊन मागच्या मागे पेजेस मोकळी करायला लागतो, आणखी खाली गेली की थांबू शकणाऱ्या प्रोसेसना स्वतः हे काम करायला लावतात, आणि सगळ्यात खालचा साठा थांबू न शकणाऱ्यांसाठी. महाप्याला शेवटी याच साठ्याची मर्यादा वाढवली, मिन फ्री केबाइट्स नावाची सेटिंग आहे, आणि ड्रायव्हरच्या नव्या व्हर्जनमध्ये त्याने सलग ६४ केबी मागणंच बंद करून सुटी सुटी पेजेस घ्यायला सुरुवात केली. खरा उपाय हा दुसराच, कारण एकेक पेज मागणाऱ्याला फ्रॅगमेंटेशनचा त्रासच नाही.

हँडलरला थांबता येत नाही म्हणून त्याचं काम दोन भागांत तोडतात. वरचा भाग फक्त नोंद करतो आणि निघतो, बाकीचं सावकाशीचं काम खालचा भाग नंतर करतो, आणि तो कर्नलच्या थ्रेडमध्ये ठेवला असेल तर त्याला थांबताही येतं, मेमरी निवांत मागता येते. नेटवर्कमध्ये तर याच्याही पुढे जावं लागलं, कारण पॅकेट इतकी येऊ शकतात की प्रोसेसर सगळा वेळ इंटरप्टच घेत बसतो आणि एकही पॅकेट प्रोग्रॅमपर्यंत पोचत नाही. म्हणून लिनक्सच्या नापी पद्धतीत पहिला इंटरप्ट आला की कार्डाला सांगतात आता गप्प बस, आणि कर्नल स्वतःच येऊन पॅकेट उचलतो, एका फेरीत सहसा ६४ पर्यंत, आणि कार्ड रिकामं झालं की मगच इंटरप्ट परत चालू.

पेजपेक्षा छोट्या गोष्टींसाठी स्लॅब असतो, तो थोडक्यात सांगतो. फाइलच्या नावाची कर्नलमधली नोंद ६४ बिट मशीनवर साधारण १९२ बाइटची असते, तिला अख्खं पेज देणं परवडत नाही, म्हणून एका पेजात २१ नोंदी बसवतात आणि वापरून झालेली नोंद परत तशाच नव्या नोंदीला देतात. जेफ बॉनविक यांनी ही पद्धत सोलारिससाठी बनवली आणि १९९४ मध्ये मांडली. लिनक्समध्ये याचे तीन प्रकार होते, आता २०२४ पासून स्लब हा एकच राहिलाय.

आता जरा वर येऊ, प्रोग्रॅमच्या बाजूला. ऐरोली-रबाळे पट्ट्यात जी डेटा सेंटर आहेत तिथल्या एकेका सर्व्हरवर हजारो कनेक्शन एकाच वेळी उघडी असतात आणि प्रोग्रॅमला कळायला हवं की यातल्या कोणावर काही आलंय. १९८३ च्या बीएसडी युनिक्समधला सिलेक्ट हा जुना मार्ग, लिनक्सवर त्यात १०२४ ची मर्यादा, आणि दर वेळी पूर्ण यादी कर्नलला द्यायची. २००० मध्ये फ्रीबीएसडीत के-क्यू आला आणि २००२ मध्ये लिनक्सच्या डेव्हलपमेंट व्हर्जनमध्ये ई-पोल. ई-पोल फास्ट का तर यादी एकदाच द्यायची, हे सगळीकडे लिहिलेलं असतं, पण मला त्यातली मेमरीची बाजू जास्त महत्त्वाची वाटते. तुम्ही एखादं कनेक्शन ई-पोलमध्ये घालता तेव्हाच, म्हणजे थांबायला वेळ असताना, कर्नल त्याच्यासाठी सुमारे १६० बाइटची नोंद बनवून ठेवतो. नंतर खरंच पॅकेट येतं तेव्हा ती तयार नोंद फक्त "तयार" यादीला जोडायची असते, दोन पॉइंटर बदलायचे, नवीन मेमरी शून्य. त्यामुळे रॅम पूर्ण संपली असली तरी घटना हरवत नाही.

फाइलमधले बदल कळवणारा आय-नोटिफाय बघा. तिथे प्रत्येक बदलाची वेगळी नोंद करावी लागते म्हणून रांगेला मर्यादा आहे, नेहमी १६,३८४, आणि रांग भरली की प्रोग्रॅमला "रांग भरली, काही बदल सुटले" अशी एक घटना मिळते. ही एक घटना रांग बनवतानाच बनवून ठेवलेली असते. ज्याने हा विचार केला त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आणि सगळं करूनही मेमरी संपलीच तर ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर एक प्रोसेस निवडून मारतो. पण मरतानाही प्रोसेसला थोडी मेमरी लागू शकते, म्हणून तिला राखीव साठ्यातून घ्यायची परवानगी मिळते. तरीसुद्धा ती एखाद्या लॉकसाठी अडकलेली असू शकते आणि ते लॉक ज्याच्याकडे आहे तो नेमका मेमरीसाठी थांबलेला. यासाठी २०१६ मध्ये लिनक्स ४.६ मध्ये ओओएम रीपर आला, बूट होतानाच तयार करून ठेवलेला एक थ्रेड, जो मारलेल्या प्रोसेसची मेमरी तिची वाट न बघता बाहेरून काढून घेतो. त्यालाही एक लॉक लागतं, पण तो त्यासाठी अडून राहत नाही, मिळालं तर ठीक, नाहीतर सेकंदाचा दहावा भाग थांबून परत बघतो, असं दहा वेळा, आणि तरी नाही मिळालं तर त्या प्रोसेसवर खूण करून सोडून देतो, म्हणजे किलरला दुसरी निवडायला मोकळीक मिळते.