सेकंदाला बारा वेळा लाल-निळं

जपानी अॅनिमे मुलांना दाखवावं की नाही, हे घरोघर एकाच पद्धतीने ठरतं. तलवारी, रक्त, तुटलेले हात दिसले की टीव्ही बंद. गुबगुबीत प्राणी दिसले की चालू. हिंसेची काळजी रास्तच आहे. 'डीमन स्लेयर'च्या २०२० सालच्या 'मुगेन ट्रेन' चित्रपटाला जपानच्या एइरिन या प्रमाणन संस्थेने पीजी१२ हा शिक्का दिला, म्हणजे बारा वर्षांखालच्या मुलांना पालकांचं मार्गदर्शन हवं. आपल्याकडेही २०२४ पासून चित्रपटांना यूए ७+, १३+ आणि १६+ अशा पायऱ्या आल्या. पण ज्या अॅनिमेमुळे एका संध्याकाळी शेकडो मुलं रुग्णालयात गेली, त्यात रक्ताचा थेंबही नव्हता.

१६ डिसेंबर १९९७. टीव्ही टोकियोवर संध्याकाळी साडेसहाला 'पोकेमॉन'चा ३८वा भाग सुरू झाला. वीसेक मिनिटांनी पिकाचू या त्यातल्या गुबगुबीत प्राण्याने क्षेपणास्त्रांवर वीज सोडली आणि स्फोट दाखवताना पडदा लाल-निळा, लाल-निळा असा उघडझाप करू लागला. जेमतेम पाच-सहा सेकंद. त्यानंतर देशभरात ६८५ मुलांना रुग्णवाहिकेने न्यावं लागलं. कुणाला आकडी आली, कुणाला उलट्या झाल्या, कुणाला धूसर दिसू लागलं. बातम्यांमध्ये तोच तुकडा पुन्हा दाखवला गेला, तेव्हा आणखी काही जणांना त्रास झाला. सुदैवाने कुणी दगावलं नाही. मालिका चार महिने थांबली आणि तो भाग पुन्हा कधीच प्रसारित झाला नाही.

हे दृश्य तयार कसं झालं? फिल्म सेकंदाला २४ फ्रेम चालते. प्रत्येक फ्रेमसाठी नवं चित्र काढणं परवडत नाही, म्हणून अॅनिमेत एकच चित्र दोन-तीन फ्रेम धरून ठेवतात. वीज किंवा स्फोट मात्र एकेका फ्रेमने बदलता येतो: एक फ्रेम लाल, पुढची निळी. नवं चित्र लागतच नाही, दोन रंग पुरतात. जपानी भाषेत या तंत्राला 'पाकापाका' म्हणतात. २४ फ्रेम म्हणजे लाल-निळ्याच्या १२ जोड्या, सेकंदाला १२ वेळा, म्हणजे १२ हर्ट्झ.

आता मेंदूकडे वळू. साधारण चार हजारांत एका माणसाला प्रकाशसंवेदी अपस्मार, म्हणजे लखलखत्या उजेडाने आकडी येण्याचा आजार, असतो. ७ ते १९ या वयात तो सुरू होण्याचं प्रमाण एकूण लोकसंख्येच्या जवळपास पाचपट. पहिली आकडी येईपर्यंत बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो. डोक्याच्या मागच्या बाजूला मेंदूचं दृष्टिक्षेत्र असतं. एरवी तिथल्या पेशी आपापल्या वेळेने संदेश देतात, पण झगमगाट झाला की लाखो पेशी एकदम पेटतात. डोळ्यांसमोरचा उजेड-अंधारातला फरक वाढला, तर निरोगी मेंदू आपला प्रतिसाद आपोआप आवरतो, भजन रंगात आल्यावर कुणी माईकचा आवाज खाली करावा तसा. या मुलांमध्ये ती कळ नीट फिरत नाही. प्रतिसाद चढतच जातो आणि तो ओसरण्याआधी पुढचा झोत येतो. १२ हर्ट्झला दर ८३ मिलिसेकंदांनी एक. झोक्याला प्रत्येक वेळी नेमक्या क्षणी धक्का द्यावा, तसं हे आहे. १५ ते २० हर्ट्झच्या आसपास धोका सर्वाधिक, ३ हर्ट्झच्या खाली फारच कमी.

मग रंगाचं काय? दृष्टिपटलात तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात: लांब, मध्यम आणि आखूड तरंगलांबीच्या. त्यांचे संदेश जसेच्या तसे पुढे जात नाहीत, आधी वजाबाकी होते. पांढरा उजेड लांब आणि मध्यम या दोन्ही पेशींना जवळपास सारखाच चेतवतो, त्यामुळे त्यांच्यातला फरक लहान राहतो. टीव्हीचा गडद लाल रंग मुख्यतः लांब तरंगलांबीच्या पेशींनाच जागं करतो. वजाबाकीला दुसरी बाजूच उरत नाही आणि मोठा एकतर्फी संदेश मेंदूकडे जातो. पुढच्याच फ्रेमला निळा येतो, लाल बाजू कोसळते, आखूडवाल्या पेशी उसळतात. रंगाचा काटा दर फ्रेमला या टोकाकडून त्या टोकाला जातो. म्हणूनच दोन्ही रंग सारखेच उजळ असले, कृष्णधवल टीव्हीवर ते जवळपास एकच करडे दिसले, तरी मेंदूला पूर्ण हिसका बसतो. ३० हर्ट्झच्या खाली लाल-निळ्याइतकी त्रासदायक जोडी दुसरी नाही.

एप्रिल १९९८ मध्ये जपानच्या प्रसारकांनी नियम केले. सेकंदाला तीनपेक्षा जास्त उघडझापी नकोत, गडद लाल रंगाबाबत विशेष जपायचं. त्याहून जास्त हव्याच असतील तर कमाल पाच. तेही उजेडातला फरक २० टक्क्यांच्या आत आणि सलग दोन सेकंदांच्या आत. पडदाभर पट्टे, चक्राकार नक्षी नको. जपानी वाहिन्यांवर मारामारीची दृश्यं अचानक अंधारतात किंवा एका फ्रेमवर मागच्या फ्रेमची सावली दिसते, त्याचं कारण हेच. ब्लू-रे डिस्कवर पुष्कळदा मूळ झगमगाट परत आणतात, त्यामुळे टीव्हीवर सुसह्य असलेलं दृश्य डिस्कवर त्रास देऊ शकतं.

अॅनिमेच्या सुरुवातीला 'खोली उजळ ठेवा, दूर बसून बघा' अशी सूचना येते, त्यामागे साधं गणित आहे. अंधारात डोळ्याची बाहुली ३ मिलिमीटरवरून ६ मिलिमीटर झाली, तर डोळ्यात चौपट उजेड शिरतो. ४३ इंची टीव्ही सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो. तीन मीटरवरून तो नजरेचे १८ अंश व्यापतो, एक मीटरवरून ५१. आणि १५ सेंटिमीटर रुंदीचा आडवा मोबाइल २५ सेंटिमीटरवर धरला, तर ३३ अंश! म्हणजे पांघरुणात फोन बघणारं मूल टीव्हीपासून दीड मीटरवर बसल्यासारखंच असतं.

भारतातला वयाचा शिक्का हिंसा, नग्नता, भाषा, व्यसनं, भय यांवर ठरतो. उघडझापीची मोजणी त्यात नाही. चाहते लढाईची दृश्यं कापून, वर झगमगाटाचे इफेक्ट चढवून जे छोटे 'एडिट' टाकतात, त्यांना तर प्रसारकाची चाळणीही नसते. माझ्या मते आज खरा धोका तिथे आहे. शंका आली तर संगणकावर यूट्यूबचा व्हिडिओ थांबवा आणि पूर्णविरामाची कळ दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. उजेड-अंधार मिळून एक उघडझाप धरा. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त भरल्या आणि पाव पडद्याहून मोठा भाग लखलखत असला, तर तो व्हिडिओ मुलाला नको.

समोर लखलखाट सुरू झालाच तर नुसते डोळे मिटून भागत नाही, कारण पापणीतून लाल प्रकाश आत येतोच. एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि मान फिरवा. एकाच डोळ्यातून संदेश गेला की एकदम पेटणाऱ्या पेशी कमी होतात.

आकडी आलीच तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, हातात किल्ल्या कोंबू नका, आणि 'बाहेरचं काही लागलंय' म्हणून मुलाला अंगाऱ्यासाठी नेऊ नका. आकडी बहुधा एक-दोन मिनिटांत आपणहून थांबते, म्हणून कांद्याला श्रेय मिळतं. मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटं उलटली तर थेट रुग्णालय. लवकर थांबली, तरी पहिल्या आकडीनंतर डॉक्टरांकडे जायचंच. जाताना त्या व्हिडिओचं नाव आणि मिनिट लिहून न्या. ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढताना डोळ्यांसमोर वेगवेगळ्या वेगाने दिवा लुकलुकवतात. मेंदूच्या लहरी कोणत्या वेगाला बिघडतात, ते त्या आलेखात दिसतं.