चार कोटी अंकांची संख्या मूळ आहे हे कळतं कसं?

ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांनी शोधलेल्या संख्येला ‘जगातली सर्वांत मोठी मूळ संख्या’ म्हणणं चूक आहे. मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडने सिद्ध केलंय. सर्वांत मोठी अशी कुठलीच नाही. ही तोवर माहीत असलेल्यांत सर्वांत मोठी होती: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. अंक ४,१०,२४,३२०. बँकेचे व्यवहार अशा संख्येमुळे सुरक्षित होतील हा दावाही पोकळ आहे. तिथे माहिती सांकेतिक करायला वापरतात त्या मूळ संख्या काहीशे अंकी असतात आणि गुप्त असाव्या लागतात. ही तर जगजाहीर. आणि अंकांत शुभ-अशुभ शोधणाऱ्यांना तर तिच्याकडून काहीच मिळणार नाही.

मला विलक्षण वाटते ती तिची चाचणी. वर्गमुळापर्यंतच्या संख्यांनी भागून पाहायचं तर विभाजकच दोन कोटी अंकांपर्यंत जातात, म्हणजे तो मार्ग बंद. ‘२ चा घात वजा १’ अशा संख्यांसाठी फ्रेंच गणिती एदुआर्द ल्युका यांनी १८७६ मध्ये वेगळी वाट काढली, डेरिक लेहमर यांनी ती सोपी केली. ४ घ्या. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा. घातांकाहून दोनने कमी इतक्या फेऱ्या करा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाहीतर नाही.

२ चा ५ वा घात वजा १, म्हणजे ३१ घेऊ. फेऱ्या तीन. ४ वरून १४, मग १९४. आता खरी गंमत: बाकी काढायला भागाकार लागतच नाही! ३२ ला ३१ ने भागलं की १ उरतो, म्हणून प्रत्येक ३२ च्या जागी १ धरायचा. १९४ म्हणजे सहा वेळा ३२ आणि वर २; म्हणून ६ + २ = ८. ८ चा वर्ग वजा २ म्हणजे ६२, म्हणजे एकदा ३२ आणि वर ३०. बेरीज ३१, बाकी शून्य. ३१ मूळ! द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिलं, तर अंकांची रांग उजवीकडून पाच अंकांनंतर तोडून दोन तुकडे मिळवले की झालं. ड्युरंट यांच्या संख्येसाठी हेच १३,६२,७९,८३९ वेळा करायचं.

मुळाशी २+√३ आणि २−√३ ही जोडी आहे. बेरीज ४, गुणाकार १. दोघांचे वर्ग करून बेरीज घेतली तर ती आधीच्या बेरजेच्या वर्गाहून २ ने कमी भरते; म्हणून ते ‘वजा २’. दर वेळी बाकीच ठेवत गेलं की २+√३ चे घात कधीतरी फिरून पहिल्यावर येतात. शेवटी शून्य येणं म्हणजे हे चक्र इतकं लांब असणं, की वर्गमुळाहून लहान मूळ विभाजकाला जागाच उरत नाही.

घातांक ११ घेतला तर नऊ फेऱ्यांनंतर १७३६ उरतात, म्हणून २०४७ मूळ नाही. ती २३ × ८९ आहे, पण हे चाचणी सांगत नाही. २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मूळ नाही हे ल्युका यांनी १८७६ मध्येच दाखवलं होतं. तिचे विभाजक, १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७, फ्रँक कोल यांनी मांडले ते १९०३ मध्ये.