अफवा पसरते, पुडी सोडतात

मराठीने हा फरक क्रियापदातच करून ठेवलाय. अफवा उठते, पसरते, कानावर येते; तिचा कर्ता वाक्यात सापडत नाही. पुडी आपोआप सुटत नाही, ती कुणीतरी सोडतो. कंडीसुद्धा पिकवावी लागते. तरी आपण दोन्हींना सरसकट ‘फेक न्यूज’ म्हणतो. मग ज्याला समजावून सांगायचं त्याच्यावर खेकसतो आणि ज्याला जाब विचारायचा त्याला फॅक्ट चेकच्या लिंका पाठवत बसतो.

१ जुलै २०१८ चा राईनपाडा आठवा. धुळे जिल्हा, साक्री तालुका, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज त्या दिवसांत सगळीकडे फिरत होते. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने त्या संशयावरून ठार मारलं. अफवा ती ही. मेसेज पुढे ढकलणाऱ्या बहुतेकांची भीती खरी होती, आपल्या लेकरांसाठीची होती. यातून कुणालाही काही मिळणार नव्हतं.

पण त्याच वर्षी देशभर फिरलेल्या एका व्हिडिओची गोष्ट वेगळी आहे. मोटरसायकलवरचे दोघं रस्त्यात खेळणारं मूल उचलून नेतात, एवढंच त्यात दिसायचं. मूळ फिल्म कराचीतली, मुलांच्या सुरक्षेबद्दल जनजागृती करणारी. तिच्या शेवटी ते दोघं मूल परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. आपल्याकडे आली ती शेवट छाटून. पुढे पाठवणारे हजारो जण अफवेतले. छाटणारा मात्र पुडीवाला. शेवट चुकून कापला गेला, हे मला तरी पटत नाही.

दोन्ही गोष्टी एकाच घटनेत पाहायच्या तर पालघरचं गडचिंचले. १६ एप्रिल २०२०, लॉकडाऊनची रात्र. कांदिवलीहून सुरतला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाच्या हाती सापडले आणि मारले गेले. परिसरात चोर आणि मुलं पळवणारे फिरताहेत अशी हूल आधीपासून होती. इथपर्यंत अफवाच. पुढे मारहाणीचे व्हिडिओ बाहेर आले आणि घटनेला धार्मिक रंग चढवायला सुरुवात झाली. एका क्लिपमधल्या गोंगाटात कुणीतरी ‘ओये बस’ ओरडतो. ते ‘शोएब’ आहे असं सांगत ती क्लिप फिरवली गेली. शेवटी तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुखांना अटक केलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुसलमान नाही असं सांगावं लागलं. पहिल्या खोट्याने तीन जीव घेतले होते. दुसऱ्याला त्या जिवांशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला फक्त एक नाव हवं होतं.

कायद्यालाही हा भेद ठाऊक आहे. पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं कलम ५०५, आता भारतीय न्याय संहितेचं ३५३, यात अपवाद आहे: बातमी खरी मानायला वाजवी कारण असेल, हेतू वाईट नसेल आणि सद्भावनेने ती सांगितली असेल, तर गुन्हा नाही. म्हणजे खोटं बोललात एवढ्याने भागत नाही, तुम्हाला काय माहीत होतं हेही पाहायचं. (हे सिद्ध करणं किती कठीण, ते पोलिसांना विचारा.)

उपायही म्हणून वेगळे. व्हॉट्सअ‍ॅपने जुलै २०१८ मध्ये भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं. अफवेचा वेग याने कमी होऊ शकतो. ग्रुपवरच्या काकांना बाजूला फोन करून सांगितलं की तेही बहुधा मेसेज काढून टाकतात, वर ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणतात. पुडीवाल्याला यातलं काहीच लागू नाही. मजकूर खोटा आहे हे त्याला आपल्या आधीपासून माहीत असतं.

राजकारणातली रोजची पुडी तर इतकी सौम्य असते की ओळखूही येत नाही. अमुक नेते नाराज, तमुक पक्ष सोडणार? शेवटचं प्रश्नचिन्ह फार कामाचं, त्यामुळे काहीच म्हटल्यासारखं होत नाही. आणि भाषा बघा: ‘चर्चांना उधाण आले आहे’, ‘बोलले जात आहे’, ‘राजकीय वर्तुळात खळबळ’. सोडलेल्या पुडीला अफवेचं व्याकरण नेसवायचं, म्हणजे कर्ता गायब. दुसऱ्या दिवशी नेते खुलासा करतात, ‘या निव्वळ अफवा आहेत’. कधीकधी बातमी खरी असली तरी हेच म्हणतात. खुलाशाचीही बातमी होते आणि पुडीला आणखी एक दिवस मिळतो.