फॅन कशाला बोंबलतो? लिनक्सवरच्या व्हिडिओची गोष्ट

परवा परभणीहून भाच्याचा फोन. "मामा, ह्या लिनक्सवर यूट्यूब अडकायलंय, फॅन तर गिरणीवानी वाजायलाय, परत विंडोज टाकू का?" इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय3 प्रोसेसरचं जुनं डबडं घेऊन त्यावर विंडोजच्या जागी मिंट नावाचं लिनक्स मीच टाकून दिलेलं, त्यामुळं ऐकून घेणं भाग होतं. मित्रानं त्याला उपाय सांगितलेला की डेस्कटॉपवर राईट क्लिक करून पाच-सहा वेळा रिफ्रेश मार. रिफ्रेशनं फक्त आयकॉन परत काढले जातात, मशीन फास्ट होत नाही, पण ही समजूत भानामतीपेक्षा चिवट!

बरं नेट स्लो म्हणावं तर बफरची पट्टी, म्हणजे किती व्हिडिओ आधीच उतरलाय ते दाखवणारी, पार पुढं पळालेली. म्हणजे माल येऊन पडला होता, उलगडणाऱ्याचे हात कमी पडत होते.

आता हे उलगडणं काय असतं बघा. 1080 क्वालिटीच्या व्हिडिओतल्या एका चित्रात 1920 गुणिले 1080, म्हणजे वीस लाखाच्या वर ठिपके, ठिपक्याला 3 बाइट धरले तर एक चित्र 6 एमबीचं, सेकंदाला 30 चित्रं, झाले 186 एमबी दर सेकंदाला. एवढं आपल्याकडचं कुठलं नेट आणतंय? म्हणून येतात त्या चित्र काढायच्या सूचना. कीर्तनाचा व्हिडिओ घ्या, मागचा पडदा तोच, मांडव तोच, हालतो तो महाराजांचा हात. मग सूचना येते की मागच्या चित्रातला हा चौकोन उचल, थोडा वर सरकवून ठेव, उरलेला फरक वेगळा पाठवलाय तो जोड. ह्या सूचना लिहायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात, एच.264 आणि व्हीपी9 हे त्यातले दोन. एच.264 मधे मूळ चौकोन 16 बाय 16 चा, व्हीपी9 मधे 64 बाय 64 चा आणि तो कापत कापत 4 बाय 4 पर्यंत येतो, त्यात सरकवणं पूर्ण ठिपक्याचंच असतं असं नाही, पाव ठिपका, व्हीपी9 मधे तर एक अष्टमांश, मग मधल्या जागेचा रंग आजूबाजूच्या ठिपक्यांवरून फिल्टर लावून काढायचा... इथं डोकं गरगरलं असेल तर एवढंच धरा की हिशोब अफाट आहे.

हा हिशोब करायला ग्राफिक्स चिपमधे वेगळं सर्किट कोरलेलं असतं, ते दुसरं काहीच करत नाही म्हणून थंड राहतं. पण एच.264 आलं 2003 ला, व्हीपी9 2013 ला, आणि इंटेलमधे व्हीपी9 चं पूर्ण सर्किट आलं सातव्या पिढीत. डेटा कमी लागतो म्हणून यूट्यूब व्हीपी9 पाठवतं, चौथ्या पिढीच्या चिपला ते येत नाही, मग सगळा भार प्रोसेसरवर आणि फॅन सुरू. लिनक्सचा दोष नाहीच असं नाही, फायरफॉक्स ब्राउझरनं लिनक्सवर इंटेलसाठी हे सर्किट आपोआप वापरायला सुरुवात केली ती 2023 ला, 115 व्या व्हर्जनपासून.

भाच्याला व्हिडिओवर राईट क्लिक करून स्टॅट्स फॉर नर्ड्स उघडायला लावलं. कोडेक व्हीपी09 (म्हणजे व्हीपी9च), गळालेल्या फ्रेमचा, म्हणजे दाखवायच्या राहिलेल्या चित्रांचा, आकडा वाढतच चाललेला. चिपमधलं एच.264 चं सर्किट कामाला लावणारा आय965-व्हीए-ड्रायव्हर टाकला, आणि ब्राउझरला जोडायचं एक एक्स्टेन्शन, जे यूट्यूबला सांगतं की बाबा आम्हाला व्हीपी9 कळत नाही, एच.264 दे. डेटा जरा जास्त जातो, 4के मिळत नाही, पण ह्याचा मॉनिटर कुठं 4के आहे?

रात्री परत फोन. "मामा, फॅन गप झाला, पण गणपतीच्या मिरवणुकीत गुलाल उडाला की चौकोन चौकोन दिसायलेत."

म्हटलं बाळा, त्याला ड्रायव्हर नाही. गुलालाचा कण न् कण वेगळीकडं उडतो, मागच्या चित्रातून उचलायला काही सापडतच नाही.